खात्रीसाहेबांना उत्तर देऊ नये

खात्रीसाहेबांकडून लेकीचा जन्मदाखला हरवला, तेव्हा तो कुठे आहे हे दोन माणसांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी शुक्रवारपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. यात कोणाचा काडीचा दुष्टपणा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट जो तो त्यांचं भलं करायला असा कंबर कसून उभा होता, की एखाद्याने थोडं वाईट चिंतलं असतं तर काम मंगळवारीच उरकलं असतं.

खात्रीसाहेब हे अर्थातच त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते नक्कल विभागात होते. लोक मूळ कागद आणि त्याची प्रत घेऊन येत. हे दोन्ही शेजारी ठेवून, लाकडी पट्टी एकेक ओळ खाली सरकवत ताडून बघत, आणि मग 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही करत. नियमाप्रमाणे एकदा ताडलं की पुरे. हे चार वेळा ताडत, मग शिक्का नीट उठला का ते बघत, मग सही आपलीच आहे ना ते बघत. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक गेली नाही, आणि एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलासमोरची रांगही कधी संपली नाही. कचेरीत याला कर्तव्यदक्षता म्हणत. घरी याला काय म्हणायचं ते कोणाला कळत नव्हतं.

घरी गॅसचं बटण होतं, दाराची कडी होती, न्हाणीतला नळ होता. बाहेर पडताना ते विचारायचे, गॅस बंद आहे ना? बायको म्हणायची, हो. नक्की? हो. असं अकरा वेळा. अकराव्या 'हो'नंतर दोन जिने उतरून ते परत वर यायचे. लेकीला शाळेत बक्षीस मिळालं त्या दिवशी हे पोचले, तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता आणि लेक पायरीवर एकटी बसून होती. त्या दिवसापासून ते चांगल्या डॉक्टरांची चौकशी करायला लागले, आणि सात वर्षांनी एकदाचे दवाखान्याची पायरी चढले. योग्य डॉक्टर निवडल्याची खात्री व्हायला तेवढा वेळ लागणारच.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, हा मंत्रचळ आहे, आजार आहे, स्वभाव नाही. हे ऐकून खात्रीसाहेबांना इतकं हलकं वाटलं की ते तीन वेळा म्हणाले, म्हणजे स्वभाव नाही ना? बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि बायकोला वेगळं बसवून सांगितलं की तुमचा प्रत्येक 'हो' म्हणजे या आजाराला भरवलेला घास आहे. आजपासून उत्तर द्यायचं नाही. त्यांनी विचारलं की एवढंच म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि हे फक्त तुम्ही नाही, ज्यांना ज्यांना ते विचारतात त्या सगळ्यांनी पाळायचं.

आता ज्या बाईने बावीस वर्षं दिवसाला शंभर 'हो' दिले, तिला एकदम गप्प बसायला सांगणं म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्याला ठाऊक. पहिले काही दिवस ती ओठ दाबून स्वयंपाकघरात निघून जायची आणि तिथे ओट्याला सांगायची, हो, बंद आहे. पण ती पक्की होती. तिने कचेरीत मोठ्या साहेबांना फोन करून नियम समजावला. हा फोन तिने जिन्यात उभं राहून केला, ही तिची एकमेव चूक. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिस्त लावायला कोणी मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या फळ्याला सुवाच्य अक्षरांत सूचना चिकटली: 'दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांच्या शंकांना कोणीही उत्तर देऊ नये. आदेशावरून.' खासगी बाब म्हणून त्यांनी नाव लिहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर एकच घर होतं.

खात्रीसाहेबांनी ती सूचना चार वेळा वाचली. अपमान झाला, पण शुद्धलेखन निर्दोष होतं, त्यामुळे तक्रार नेमकी कशाची करायची ते ठरेना.

खरं तर गुण येत होता. अकराचे सहा झाले, सहाचे दोन. चार महिन्यांनी ते लेकीबरोबर दार ओढून घेऊन सरळ खाली उतरले आणि थेट रस्त्यापर्यंत गेले, तेव्हा लेक जिन्यातच थांबून बघत राहिली होती. मग डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. तोंड कोरडं पडेल, हात किंचित थरथरेल, कधी विसरायलाही होईल. तसं काही झालं तर मला लगेच कळवा, असं त्यांनी बजावलं. खात्रीसाहेब विसरायला लागले आणि कळवायचंही विसरले. एकदा आठवणीने चिठ्ठी केली, 'डॉक्टरांना विसराळूपणाबद्दल सांगणे'. ती चिठ्ठी कुठल्या खिशात ठेवली ते आजतागायत कळलेलं नाही.

हा विसर काही साधा नव्हता. हातातल्या लाकडी पट्टीला काय म्हणतात ते त्यांना एका सकाळी आठवेना. शिपायाला त्यांनी 'ते सरकवायचं' आणायला सांगितलं. खोलीत जायचे आणि कशाला आलो म्हणून उभे राहायचे. पूर्वी त्यांना सगळं आठवायचं, पण पटायचं नाही. आता ते पटवून घ्यायला तयार होते, तर आठवायचंच नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही प्रश्न सारखेच वाटायचे. मी गोळी घेतली का गं, असं त्यांनी विचारलं की बायकोच्या कानाला तो जुनाच आजार ऐकू यायचा. ती काळजावर दगड ठेवून म्हणायची, तुम्हाला काय वाटतं? त्यांना काहीच वाटत नसे, तीच तर पंचाईत होती.

इमारतीत तर सगळा आनंद होता. किती वाजले विचारलं तर मुख्याध्यापक घड्याळाचा हात पाठीमागे लपवून विचारायचे, तुम्हाला किती वाजले असं वाटतं? चूक सांगितली तर आणखी एक संधी द्यायचे. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या मावशींना हा नियम फारच आवडला. पॅन्ट झाली का विचारलं की त्या यंत्रावरून मान वर न करता म्हणायच्या, तुम्हाला काय वाटतं, भाऊ? पुढे पुढे त्या सगळ्याच गिऱ्हाइकांना तसं म्हणायला लागल्या.

अशात लेकीला दूरच्या शहरातल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. दोन वर्षं तिने यासाठी वाट बघितली होती. जन्मदाखला, मूळ आणि त्याची खरी नक्कल, इथल्याच निवड कार्यालयात शुक्रवारी पाचच्या आत द्यायची होती. नाही दिली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. बाकी सगळे कागद लेकीने स्वतः केले. एवढा एक खात्रीसाहेबांनी हट्टाने मागून घेतला. एकोणीस वर्षं जगाच्या नकला खऱ्या केल्या, आणि पोटच्या पोरीची दुसऱ्याच्या शिक्क्याने करायची, हे काही त्यांना शोभलं नसतं.

सोमवारी ते दाखला घेऊन कचेरीत गेले. प्रत काढली, पट्टी लावली, शिक्का उचलला आणि नियम आठवला: आप्तांच्या कागदावर शिक्का मारता येत नाही. (नियम ते कधीच विसरले नाहीत. गोळ्यांनी काय न्यावं आणि काय ठेवावं हे आपल्या हातात नसतं.) म्हणून त्यांनी मूळ आणि प्रत दोन्ही मोठ्या साहेबांकडे दिली. साहेब म्हणाले, बघून ठेवतो, शुक्रवारपर्यंत सवडीने घेऊन जा. साहेबांनी ते दोन्ही डाव्या खणात ठेवलं. संध्याकाळी चहा पिताना खात्रीसाहेबांनी हे सगळं बायकोला सांगितलं. आणि मंगळवारी सकाळी उठले, तेव्हा यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात उरलं नव्हतं. शिक्का उचलल्याचं आठवत होतं, त्यापुढे कोरं.

त्यांनी बॅग उपसली, टेबल उपसलं, मग साहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि काल मी तुमच्याकडे एखादा कागद दिला होता का, असं विचारलं. साहेब भला माणूस होता. त्याला उत्तर द्यायचा मोह झाला होता, हे त्याने नंतर कबूल केलं. पण त्याला बायकोचा फोन आठवला. तो खणावर कोपर टेकून, डोळ्यांत माया आणून म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा कसा घालतात, हे यापुढे बघायचं. घरी येऊन त्यांनी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, तो दाखला मी नीटच दिलाय ना? खरं तर एवढ्या एका वाक्यानेच घात केला. हरवलाय, सापडत नाही, असं सरळ म्हणाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ज्या माणसाच्या नावातच खात्री, त्याने लेकीचा कागद हरवला असं कोणत्या तोंडाने सांगायचं? बायकोने तो सूर ओळखला. गेली बावीस वर्षं ती हाच सूर ऐकत होती. कागद साहेबांकडे आहे, शुक्रवारी घ्यायचा आहे, सगळं जिथल्या तिथे आहे. मग हा प्रश्न म्हणजे आजारच. तिने नियम पाळला. लेकीला त्यांनी सांगितलं, शुक्रवारी मी स्वतः आणून देतो, तू थेट निवड कार्यालयात ये. आणि कोणाला ताकास तूर न लागू देता ते शोधायला लागले.

बुधवारी त्यांच्या मनात आलं की सोमवारच्या गठ्ठ्यात दाखला चुकून दुसऱ्या कोणाच्या पाकिटात गेला असणार. सोमवारी त्यांनी एकतीस नकला केल्या होत्या. नोंदवहीतून पत्ते उतरवून ते जेवणाच्या सुट्टीत आणि कचेरी सुटल्यावर घरोघर गेले. नऊ घरं झाली. प्रत्येक ठिकाणी ते अदबीने विचारत, की तुमच्या नकलेत काही भलतं तर आलेलं नाही ना? यात त्यांचा हेतू शुद्ध होता. पण खुद्द खरी नक्कल करणारा माणूस दारात येऊन असं विचारतो म्हटल्यावर समोरच्याने काय समजावं?

गुरुवारी सकाळी नक्कल विभागासमोर साठ माणसं उभी होती. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने मेव्हण्याला. अकरा वर्षांपूर्वीच्या नकला घेऊन लोक आले होते आणि त्या खऱ्या आहेत का ते पुन्हा बघून द्या म्हणत होते. एका आजोबांनी तर स्वतःच्या लग्नाची नोंद तपासायला आणली होती. ती खोटी निघेल अशी त्यांना थोडी आशा असावी. खात्रीसाहेबांनी दिवसभर उभ्याने पट्टी सरकवली. एकही चूक सापडली नाही. साहेबांनी बोलावून विचारलं की हे काय चाललंय. तेव्हा खात्रीसाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न केला, आणि साहेबांनी, रागातसुद्धा, तेच उत्तर दिलं. सगळीकडे अशी अळीमिळी गुपचिळी.

त्या संध्याकाळी ते गोळ्यांची डबी हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसले होते. सात खण, सात वार. टाकून द्याव्यात असं त्यांच्या मनात आलं. निदान पूर्वीचा माणूस तरी परत मिळेल, ज्याला दाखला कुठे आहे हे ठाऊक असेल, मग भले तो अकरा वेळा बघून येवो. बाहेर लेक बॅग भरता भरता आईशी हसत होती. त्यांनी गुरुवारचा खण उघडला, गोळी घेतली, आणि रिकामा खण उघडाच ठेवला, म्हणजे घेतली हे दिसत राहील. त्यांना फार भीती वाटत होती. पण ही जुनी भीती नव्हती. ही साधी, बापाची भीती होती.

शुक्रवारी दुपारी ते कचेरीतल्याच दुय्यम दाखल्याच्या खिडकीवर गेले. तातडीने हवा तर तासाभरात मिळतो, पण मूळ हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात तीन रकाने होते: हरवल्याची तारीख, वेळ, ठिकाण. त्यांनी तिन्हींत 'बहुधा' लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, बहुधा चालत नाही. ठिकाण ठाऊक असतं तर हरवला कशाला म्हटलं असतं, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात आणि मग 'बसमध्ये' असं लिहितात. खात्रीसाहेबांनी बसचं नाव ऐकून पेन खाली ठेवलं. आयुष्यभर खरं काय आणि खोटं काय ते शिक्क्याने सांगितलेल्या माणसाला 'बसमध्ये' लिहवेना. शेवटी बाईंनीच कंटाळून 'निश्चित सांगता येत नाही' एवढ्यावर तडजोड केली, पण घरातला एक साक्षीदार सहीला हवा म्हणाल्या. त्यांनी बायकोला फोन केला, लगेच ये. काय ते सांगितलं नाही.

बायको आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिने कागद वाचला. 'सदर दाखला हरवला असल्याचे मला माहीत आहे.' तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. खोट्यावर सही करायची नाही आणि खरं सांगायची मनाई. बिचारीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, लवकर करा. मागची रांग म्हणाली, लवकर करा.

"अगं, सही का करत नाहीस?" ते म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

खात्रीसाहेबांनी खिडकीच्या कठड्याला धरलं. इतक्या लोकांसमोर ते कधी मोठ्याने बोलले नव्हते, तेव्हाही नाही बोलले.

"मला काही वाटत नाही. मी भीतीने विचारत नाहीये गं. मला आठवतच नाही. सोमवारी शिक्का हातात घेतला, त्यापुढचं सगळं गेलंय. मंगळवारपासून शोधतोय. पोरीची नोकरी जाईल, आणि मला खरंच आठवत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हा सूर तिने ओळखला नाही, कारण तो तिने कधी ऐकलाच नव्हता.

"साहेबांच्या डाव्या खणात आहे," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत मला. सोमवारी, चहाच्या वेळी."

खिडकीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत खात्रीसाहेब पहिल्यांदाच कचेरीच्या व्हरांड्यात धावले. साहेबांनी खण उघडला. मूळ दाखला, नक्कल, त्यावर सोमवारचाच शिक्का. साहेबांना आधी आनंद झाला, मग ओशाळल्यासारखं झालं, आणि मग थोडा अभिमानही वाटला. तुम्ही मला सहा वेळा विचारलंत, तारीखवार नोंद ठेवली आहे, एकदाही डगमगलो नाही, असं ते सांगत होते. ते ऐकायला कोणी थांबलं नाही.

कागद पाचला दहा मिनिटं असताना पोचला. लेक दारात उभी होती. खात्रीसाहेबांनी पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, हरवला होता, मला आठवत नव्हतं, तुला सांगायला हवं होतं. तिने आधी आत जाऊन कागद दिले, पोच घेतली. मग बाहेर येऊन एवढंच विचारलं, की हे डॉक्टरांना सांगितलंय का? चिठ्ठी केली होती, ते म्हणाले. तिने तिथेच बाकावर बसून डॉक्टरबाईंना फोन लावला आणि त्यांच्या कानाला दिला.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. गोळी थोडी कमी केली, घ्यायची वेळ बदलली, आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही म्हणून दम दिला, आणि बायकोची माफी मागितली. नियम देताना मी विसरण्याचा विचार केला नव्हता, त्या म्हणाल्या. नवा नियम असा: विसरलो म्हणून त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं. एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं, तर नाही. मुख्याध्यापकांना ही सुधारणा मुळीच पटली नाही. अपवाद आले की शिस्त गेली, असं त्यांचं मत पडलं. तरी त्यांनी फळ्यावरची सूचना काढली, मागच्या बाजूला नवी लिहिली, आणि तपासायला खात्रीसाहेबांकडेच पाठवली.

लेक रविवारी गेली. सोमवारी सकाळी घर फार मोठं वाटत होतं. खात्रीसाहेब कचेरीला निघाले, दाराशी पोचले, आणि थांबले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आठवत नाही म्हणून विचारतो," ते म्हणाले. "गोळी घेतली का मी?"

"हो," ती म्हणाली.

आणि सवयीप्रमाणे ती तिथेच थांबली. आता 'नक्की?' येणार. या वेळी काही झालं तरी बोलायचं नाही, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं, तरी दुसरा 'हो' जिभेवर येऊन बसलाच होता. खात्रीसाहेबांनी बूट चढवले, बॅग उचलली, दार ओढून घेतलं. जिन्यात त्यांची पावलं ऐकू आली, एक मजला, दुसरा मजला, मग फाटक वाजलं. ती तरी उभी होती. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की ते परत वर येणार नाहीत. तिला एकदम इतकं मोकळं वाटलं, की ती खाली बसली आणि पोटभर रडली.